कच्ची वाक्यं

"फ्रीजरमध्ये कोणी ठेवली होती?"

डिस्क हातात घेऊन बाईंनी दिव्याखाली जेमतेम एकदा फिरवली असेल, तेवढ्यात प्रश्न आला. बाईंचा धंदाच तो होता. बंद पडलेल्या कॉम्प्युटरांच्या डिस्क उघडायच्या आणि आत अडकलेलं काही निघतंय का बघायचं. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबल, खुर्च्या आणि भिंतीवर हाताने लिहिलेली पाटी: 'मी फक्त एकदाच चालू करून बघितली, असं सांगू नये.' आतल्या खोलीत काचेची पेटी, आणि त्या पेटीत धूळ नसलेली हवा.

धाकटीने नुसतं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे तिचा थोरला भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलेली मुलं बसतात तसा.

"मी," थोरला म्हणाला. "पण नीट ठेवली होती."

"नीट म्हणजे कशी?"

"पिशवीत घालून. आधी व्हॅक्यूम मारला."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय मारला?"

"असं बघा मॅडम," आपला विषय निघाल्यावर थोरल्याला हुरूप आला, "आमचं फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गॅस भरायच्या आधी आम्ही पंप लावून लाइनमधली हवा आणि ओल खेचून काढतो. तसंच केलं. जाड पिशवी घेतली, तोंड सील केलं, पंप लावला. पिशवी अशी चिकटून बसली हिला. मग डीप फ्रीजरमध्ये. आत बर्फ धरू नये म्हणून तर एवढा खटाटोप. सीलबंद डबाच की हा, कॉम्प्रेसर असतो तसा."

"सीलबंद." बाईंनी डिस्क त्याच्यापुढे धरली आणि पेन्सिलीचं टोक तिच्या झाकणावरच्या एका बारीक गोल ठिपक्याशी टेकवलं. "मग हे काय?"

थोरला वाकला. "भोक."

"आणि शेजारी काय छापलंय?"

थोरल्याने डोळे बारीक केले. "भोक झाकू नये."

"ही श्वास घेते. हिच्या आत तबकड्या गरगरतात, आणि त्यांच्यावर वाचणारी बारीक डोकी हवेच्या थरावर तरंगतात. तुम्ही आतली हवा खेचून घेतलीत. मग हिला गारठवलंत. मग बाहेर काढून पिशवी फाडलीत. बाहेरची सगळी दमट हवा या भोकातून आत घुसली. पुढे काय झालं असेल?"

थोरला त्या भोकाकडेच बघत राहिला.

"सांग ना," धाकटी म्हणाली. जिना चढून आल्यापासून हे तिचे पहिले शब्द. "आपल्या घराचं पोट त्याच्यावरच भरलं आहे. गार वस्तूवर दमट हवा आली की काय होतं?"

"पाणी सुटतं," थोरला पुटपुटला.

"आणि मग तू काय केलंस?"

"मग मी चालू केली."

बाईंनी पाटीकडे बोट केलं नाही. एवढी दया त्यांनी दाखवली.

धाकटी शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात संपादक होती. तिच्या रागाची तिथे सगळ्यांना धास्ती होती, कारण तो राग दिसायचा नाही. राग आला की तिचा आवाज खाली उतरायचा आणि वाक्यं पूर्ण व्हायला लागायची. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. एरवी ती "काय चाललंय" म्हणायची. चिडली की "हे काय चाललेलं आहे" म्हणायची. आप्पा तिला मास्तरीणबाई म्हणायचे ते यावरूनच. आप्पा, म्हणजे त्या दोघांचे वडील. ते गेल्यापासून धाकटी घरी, ऑफिसात, फोनवर सगळीकडे पूर्ण वाक्यांत बोलत होती.

भेटायला आलेल्यांतल्या एका आत्याने तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "आवाजाचं काय गं, तो मनात असतोच."

"कुठे?" धाकटीने विचारलं होतं. "माझ्या मनात तो नेमका कुठे असतो, ते तुम्ही मला दाखवू शकाल का?"

आत्या त्यानंतर आली नाही.

आवाजाची गोष्ट अशी होती. आप्पांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. हॉस्पिटलमधल्या आवाजाच्या तज्ज्ञ बाईंनी एक उपाय सुचवला: ऑपरेशनच्या आधी भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, पुढे त्यांच्यावरून एक यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. तुम्ही टाइप करायचं, ते म्हणेल. वाक्यं मात्र अशी हवीत की त्यांत भाषेतले सगळे ध्वनी येतील, आणि वाचायची स्पष्ट, सावकाश, एका सुरात.

वाक्यं करायचं काम अर्थातच धाकटीकडे आलं. तिने जीव ओतून ती केली. 'आज हवा छान आहे.' 'कृपया खिडकी उघडा.' 'मला डाव्या कुशीवर वळायचं आहे.' एकही ध्वनी सुटू दिला नाही. कागदाच्या डोक्यावर तिने ठळक अक्षरांत सूचना लिहिली, 'स्पष्ट, सावकाश, भावना न आणता.' आणि परीक्षांचा हंगाम असल्यामुळे ती पुस्तकांच्या छपाईत अडकली. रेकॉर्डिंगला आप्पांजवळ थोरला बसला.

ऑपरेशन झालं. घसा मुका झाला. आणि आप्पांनी यंत्र नाकारलं. रेकॉर्ड केलेलं तज्ज्ञ बाईंकडे पाठवायचं का, म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी हातातल्या पान्याने टेबलावर दोनदा ठोकलं. त्यांची भाषा तीच झाली होती. एकदा ठोकलं की हो, दोनदा म्हणजे नाही, आणि ठोकतच राहिले की चालते व्हा. वाक्यं वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरातच राहिली. आप्पांनी त्या कॉम्प्युटरवर पट्टी चिकटवली, 'हात लावू नये.'

"कॉपी काढून ठेव," असं धाकटी थोरल्याला किती वेळा म्हणाली असेल. "आप्पा हात लावू देत नाहीत," थोरला म्हणायचा. आप्पा गेले. "आता तरी काढ," ती म्हणाली. "काढतो गं, जरा होऊ दे," थोरला म्हणाला. ते जरा होईपर्यंत एक दिवस कॉम्प्युटर चालू केला तर आतून टकटक ऐकू यायला लागली. टक टक, थांबायची, पुन्हा टक टक. त्या वेळी त्याने बहिणीला फोन करायला हवा होता. त्याने पंप काढला.

आणि नंतर फोन केला तो असा: "अगं, जरा बिघडलीये, पण घाबरू नको. थंड करायला ठेवलीये. आप्पा नाही का म्हणायचे, तापलं की बिघडतं." मग हसून वर हेही म्हणाला, "टकटक करत होती गं. मला वाटलं आप्पाच हाक मारतायत."

हे हसणं धाकटीने मनात कुठे ठेवलं होतं, ते तिला अगदी नेमकं सांगता आलं असतं.

"डोकी वाकलीयेत," बाईंनी काचेच्या पेटीतून हात बाहेर काढत सांगितलं. "एका तबकडीवर ओरखडा आहे, पाण्याचे डाग आहेत. सगळं येणार नाही. थोडं येईल, कदाचित. पण मला दुसरी डिस्क लागेल, हिच्यासारखीच हिची जुळी. तिची डोकी काढून हिला लावायची. जात एक, कारखाना एक, जवळपास एकाच वेळी निघालेली. माझ्याकडे नाही. शोधून आणा."

"मी आणतो," थोरला म्हणाला.

"तू काहीही आणू नकोस," धाकटी म्हणाली.

"कोणी का आणेना," बाई म्हणाल्या, "फक्त ती फ्रीजरमध्ये ठेवू नका."

थोरल्याने शोधलीच. जुन्या कॉम्प्युटरांच्या भंगाराची दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणाहून तो लेबलाचा फोटो धाकटीला पाठवायचा आणि धाकटी भिंग लावल्यासारखे आकडे तपासून उत्तर द्यायची, 'नाही.' पुढच्या फोटोला, 'नाही.' एका फोटोखाली त्याने लिहिलं, 'पान्याने ठोक ना, तेवढंच घरच्यासारखं वाटेल.'

अखेरीस एक फोटो आला त्यातलं सगळं जुळलं. तिने ओळ ओळ तीनतीनदा वाचली. मग लिहिलं, 'ही चालेल. मी स्वतः येऊन घेते.'

ती वर्कशॉपला गेली. आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आत कॉपरच्या नळ्यांची वेटोळी, गॅसच्या टाक्या, पाठ उघडी पडलेले फ्रीज, नळ्यांचे सांधे जोडायच्या ब्रेझिंगच्या धुराचा तो आंबट वास. आणि मागच्या कोपऱ्यात तिने कधीच न बघितलेली एक गोष्ट. जुन्या फ्रीजची दारं उभी करून, एकाला एक जोडून, केलेली एवढीशी खोली. खोली कसली, कपाटच. आत दोन स्टुलं. पुढे वाकवलेल्या नळीचा, सांधे नीट ब्रेझ केलेला माइकचा स्टँड.

"हे काय आहे?"

"स्टुडिओ," थोरला म्हणाला. "आप्पांनी केला. बाहेरच्या फ्रीजची घरघर आत येत होती ना. दारात फोम असतो. बस ना आत, बघ, सगळं बंद होतं."

ती आत गेली नाही. "दोन स्टुलं कशाला?"

"एक माझं."

"तू आत काय करायचास?"

"काही नाही. कागद धरायचो." थोरला दुसरीकडे बघत डिस्कचं खोकं पुसू लागला. "चष्मा माइकला अडायचा, म्हणून बिनचष्म्याचं वाचता येईल एवढा लांब धरायचो."

"तू एक कॉपी काढायची होतीस," धाकटी म्हणाली. आवाज अगदी खाली. "तुला दुसरं काहीही करायचं नव्हतं. तुझं बाकी सगळं आयुष्य तुझं होतं. फक्त हे एक काम होतं."

"ते हात लावू देत नव्हते गं."

"ते झोपत तरी होते ना? झोपलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरला हात लावता येतो."

"तू लावला असतास?"

"हो."

"मग यायचं होतंस," थोरला म्हणाला, आणि म्हणाल्याबरोबर त्याला कळलं की हे म्हणायला नको होतं. तिने खोकं उचललं आणि ती निघाली. ती पूर्ण वाक्यसुद्धा बोलली नाही, इतकी ती चिडली होती.

डोकी बसवून झाल्यावर बाईंनी दोघांना बोलावलं. स्क्रीनवर काळ्या पाटीत बारीक चौकटी भरत होत्या. वाचलेल्या हिरव्या, न वाचता आलेल्या लाल.

"आधी मी हिची विषयसूची वाचली," बाई म्हणाल्या. "कुठे काय ठेवलंय तेवढं कळलं. आवाजाची दोन फोल्डरं आहेत. एकाचं नाव 'पक्की', दुसऱ्याचं 'कच्ची'. आता नीट ऐका. ही डोकी उसनी आहेत आणि तबकडी खरवडलेली आहे. ओरखड्यावरून गेली की ती एकेक करून मरणार. किती वेळ चालतील, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसतं. म्हणून मी सगळं सरसकट वाचणार नाही. आधी काय हवंय ते सांगा. दुसऱ्याची पाळी येईल न येईल."

"पक्की," धाकटी म्हणाली.

"कच्ची," थोरला त्याच क्षणी म्हणाला.

बाईंनी हात कीबोर्डवरून उचलले. "घरी ठरवून यायचं असतं."

"कच्चीत काय आहे?" धाकटीने विचारलं.

"काय असणार. चुकलेली वाक्यं. अडखळले, खोकले, ती त्यात टाकायची आणि पुन्हा बोललेलं चांगलं असेल ते पक्कीत."

"म्हणजे चुका."

"हो, चुकाच."

"मग मी त्यांच्या चुका का मागू?"

थोरल्याने डोकं खाजवलं. शब्द शोधणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. घरात ते दुसऱ्यांनी वाटून घेतलेलं होतं. "मला सांगता येत नाही गं. पण तू एकदा माझं ऐक."

"तुझं ऐकलं म्हणूनच आपण इथे बसलेलो आहोत."

थोरला बाईंकडे बघून म्हणाला, "घ्या पक्की."

हिरव्या चौकटी भरत गेल्या. मध्ये मध्ये लाल. एखाद्या किड्याने भिंतीत कुरतडावं तसा आवाज डिस्क करत होती. बाईंनी पहिलं वाचून झालेलं वाक्य उघडलं आणि स्पीकर धाकटीकडे वळवला.

*आज हवा छान आहे.*

आवाज आप्पांचा होता. त्यात शंका नव्हती. तिने टेबलाची कड धरली.

*कृपया खिडकी उघडा.*

*मला डाव्या कुशीवर वळायचं आहे.*

*आपण उद्या बाजारात जाऊ.*

स्पष्ट. सावकाश. एका सुरात. फलाटावर गाडीची घोषणा करणारा माणूस बोलतो तसं. कुठे घाई नाही, कुठे हेल नाही. तिने जिथे स्वल्पविराम दिला होता तिथे आप्पा थांबत होते. तिने जिथे पूर्णविराम दिला होता तिथे संपवत होते. जो माणूस जन्मभर डॉक्टर, पोलीस, गिऱ्हाईक, सासरे कुणाच्याही बापाचं ऐकायला तयार नव्हता, त्याने तिच्या कागदावरची ठळक सूचना काना-मात्रेसकट पाळली होती.

बाईंनी आणखी वाक्यं लावली. धाकटी ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिला राग यायला लागला. हा आवाज आप्पांचा होता आणि त्यात आप्पा नव्हते. तिने शोधलं. 'बाजारात' म्हणताना, 'डाव्या' म्हणताना. नव्हते. तिनेच त्यांना बाहेर ठेवायला सांगितलं होतं, आणि ते मुकाट बाहेर थांबले होते. कशाला ऐकलंत माझं? एवढ्या वेळी कशाला? एरवी कधी ऐकलंत?

*मला राग आला आहे,* स्पीकर म्हणाला, हवा छान असल्याच्याच सुरात.

"थांबवा," धाकटी म्हणाली.

"अजून बरंच यायचंय याच्यातलं," बाई म्हणाल्या.

"थांबवा. कच्ची घ्या."

"मध्येच सोडलं तर हे परत मिळेल याची खात्री नाही. मघाशी सांगितलं मी."

"मी ऐकलं होतं. कच्ची घ्या."

थोरला तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बाईंनी खांदे उडवले आणि काहीतरी टाइप केलं. पाटी रिकामी झाली, पुन्हा भरू लागली. हिरवी, हिरवी, लाल, लाल, हिरवी. कुरतडण्याचा आवाज बदलून घासल्यासारखा झाला. मग लाल चौकटींची एक लांबच लांब ओळ आली, आणि त्यानंतर आतून ते आलं. टक टक.

बाईंनी झटकन वीज तोडली.

"गेली," त्या म्हणाल्या. "आता ती परत बोलणार नाही. काय आलंय बघू." यादीवर बोट फिरवत त्या पुटपुटत होत्या. तुटलेली, अर्धी, रिकामी. "हं. ही धड दिसतेय. लांब पण आहे."

आधी खोकला. मग स्टूल सरकल्याचा आवाज. मग आप्पा.

*"कृपया खिडकी उघडा. कृपया! मी कुणाला कृपया म्हटलं तर खिडकी सोड, तो माणूसच उघडा पडेल घाबरून."*

मागे कोणीतरी फसकन हसलं. थोरला.

*"हसू नको, गाढवा, माइक चालू आहे."*

*"तुम्हीच हसवताय आप्पा. म्हणा ना नीट. आज हवा छान आहे."*

*"या खुराड्यात घाम गळतोय नुसता आणि म्हणे हवा छान आहे. मास्तरीणबाईंना एकदा आणून बसव इथे. मग छान म्हणेल ती."*

*"तिने लिहिलंय वर, भावना न आणता."*

*"वाचलंय मी. अरे, पण भावना मी आणत नाही, ती गॅससारखी असते, बोंबलायला. कितीही सांधे जोड, कुठूनतरी फुसफुसतेच. बरं, धर कागद. पुढचं काय आहे? मला राग आला आहे. हे काय वाक्य आहे?"*

*"वाक्य आहे, आप्पा. बोला."*

*"मला राग आला की मी असं सांगत बसतो का? मला राग आला आहे, आपल्याला कळावे, आपला नम्र?"*

*"मग कसं बोलता तुम्ही?"*

तेवढ्यात दूर कुठेतरी काहीतरी धडकलं, भांडं कलंडावं तसं. आणि आप्पांचा आवाज वाढला. स्पीकर थरथरला. बाईंनी दचकून हात मागे घेतला.

*"अरे ए! तो डीप फ्रीजर उघडा टाकून आलास ना? बघ, बघ तिकडे, तळं झालंय खाली! किती वेळा सांगायचं तुला, गार वस्तू उघड्यावर टाकली की पाणी सुटतं! लाखदा सांगितलं! आता ते कोण पुसणार, तुझा बाप?"*

*"बापच आहात तुम्ही."*

*"ऊठ आधी! फडकं घे! पाणी वायरीत गेलं ना, तर तुला त्या फ्रीजरमध्ये घालून दार लावीन, गद्ध्या, आणि वर गॅस भरीन!"*

स्टूल पडलं. थोरल्याची पळती पावलं. मग माइकच्या अगदी जवळ, धापा टाकत, खोकत, हसत, आप्पा स्वतःशीच म्हणाले, *"हे असं बोलतात राग आला की. लिहून घ्या म्हणावं मास्तरीणबाईंना."*

आणि तिथे ते तुटलं.

थोरल्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तो मान खाली घालून आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता. त्याला सांगून झालं होतं. लाखदा सांगून झालं होतं, आणि त्याचा पुरावाही आता निघाला होता, त्याच डिस्कमधून.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणखी काही तुकडे आहेत," त्या म्हणाल्या. "खोकला, शिव्या. एकात नुसतं शीळ घालणं. देऊ का भरून?"

"द्या," धाकटी म्हणाली. "दोन प्रती."

"दोन?"

"एक याला."

जिना उतरताना ती पुढे होती, तो मागे. तळाशी, चष्म्याच्या दुकानाच्या काचेपुढे ती थांबली. आत कोणीतरी डोळ्यांची तपासणी करून घेत होतं, लहान होत जाणारी अक्षरं मोठ्याने वाचत होतं. थोरला तिच्याजवळ येऊन उभा राहिला. हातात त्याची प्रत होती, अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर, आणि ती त्याने तळहातावर ठेवली होती, ऊन लागू नये म्हणून वर दुसरा हात धरून.

"धाकटे," तो म्हणाला. "चुकलं माझं."

इतके दिवस तिने या वाक्याला द्यायचं उत्तर तयार ठेवलं होतं. ते नीट बांधलेलं होतं. त्यात तीन उपवाक्यं होती आणि एकही शब्द जास्तीचा नव्हता. तिने ते बोलायला तोंड उघडलं.

"अरे, पाणी सुटतं!" ती ओरडली. रस्त्यावरची दोन माणसं वळली. "पाणी सुटतं ना गार वस्तूवर! लहानपणापासून फडकी पिळतोस, आणि तुला... व्हॅक्यूम! व्हॅक्यूम मारतोय! अक्कल आहे का, गाढवा? एक फोन, एक फोन करता येत नव्हता तुला? टकटक ऐकून हसतोस? आप्पांची सगळी बडबड होती रे त्यात, सगळी! शिव्या, ते खोकणं, ते सगळं! घालवलंस! मी म्हणत होते ना, कॉपी काढ, कॉपी काढ म्हणून! आणि ते स्टूल! मला सांगायचं नाही? बोलव ना मला! हात धरून ओढत न्यायचं ना, मेल्या!"

चष्म्याच्या दुकानातलं वाचन थांबलं. दुकानदार काचेशी आला.

तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि ती ते मनगटाने पुसत होती आणि पुसता पुसता ओरडत होती. कुठलं वाक्य कुठे संपत होतं याचा तिला पत्ता नव्हता. थोरला मान खाली घालून, प्रत तशीच दोन्ही हातांत झाकून उभा होता, लहानपणापासून वर्कशॉपमध्ये उभा राहायचा तसा, आणि प्रत्येक शिवी त्याला आधी कुठेतरी ऐकलेली असावी तशी ऐकत होता.

"तुम्हाला काही त्रास होतोय का, बाई?" दुकानदाराने दारातून विचारलं.

"नाही," थोरलाच म्हणाला. "बोलू द्या तिला."

तिचं अजून पुष्कळ राहिलं होतं.